व्याह्यांच्या गाडीचा उडता काटा

आमच्या लेकीच्या सासऱ्यांसारखा माणूस माणिकपुरात काय, अख्ख्या वसईत शोधून दाखवा, मी मिशी उतरवीन. जन्मभर मुंबईच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली. स्वतः निवृत्त झाले, कान काही निवृत्त झाला नाही. खिशात रुमालाऐवजी लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे आणि डॉक्टरने नाडी बघावी तसं तोंड करायचं. आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हा मंडळी पोहे खात होती आणि हे स्टुलावर चढून पंखा ऐकत होते. उतरून म्हणाले, "मुलगी पसंत आहे. बेअरिंग नाही." आधी बेअरिंग बदललं, मग सुपारी फुटली. माझ्या वाडीतल्या पंपाला तर ते माझ्याआधी रामराम करतात.

त्यांची एक जुनी पेट्रोल गाडी होती. इंजिन किती जोरात फिरतंय ते दाखवणारा एक काटा तिच्यात होता, आरपीएमचा म्हणतात त्याला. तो उडायला लागला. गाडी आपली बैलाच्या चालीने चाललेली, आणि काटा टुणकन टोकाला जाऊन परत आडवा. मी म्हटलं, "व्याही, बैलाला कुठे काटा असतो? चालतंय ना, चालू द्या."

"तुम्ही भाजीवाले. ताप मोजायचं बंद केलं म्हणून ताप उतरतो का?"

त्याच सुमारास जावयाने नवी गाडी बुक केली. त्यांच्या सोसायटीत घरटी एकच गाडी उभी करू देतात, तेव्हा जुनी विकणं आलं. व्याह्यांनी मुलाला तसा शब्द दिला. मनवेलपाड्याचं एक गिऱ्हाईक आलं, गाडी त्याला आवडली, पण म्हणालं, "आजोबा, तेवढा काटा सरळ करा, लगेच नेतो."

मग सुरू झाली तपासणी. व्याह्यांचा नियम असा, की एका वेळी एकच वस्तू बदलायची, नाहीतर दोष कोणाचा ते कळत नाही. एका रविवारी प्लग बदलले. पुढच्या रविवारी प्लगच्या वायरी. मग कॉइल. दर वेळी गोखिवऱ्यापर्यंत फेरी, आणि शेजारी मी, काट्यावर नजर ठेवायला. काटा उडाला की मी ओरडायचं आणि व्याह्यांनी खुशीत म्हणायचं, "म्हणजे हेही नाही!" परत येताना भजी. जावई विचारायचा, "बाबा, अजून?" व्याही म्हणायचे, "घाईने निदान होत नाही." लेक पदराआड हसायची. मीही कधी घाई केली नाही.

एका रविवारी गोखिवऱ्याच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि मी बोलून गेलो, "व्याही, पेट्रोलचा काटापन संगती थरथरला हो!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. "दिसलंय मला," म्हणाले, "मागेच दिसलंय. दोन काटे एकदम हलतात, म्हणजे खोट दोघांच्या सामाईक अर्थिंगमध्ये. मागचा नट सैल असणार. झोप लागत नाही हो मला."

"मग गप ऱ्हावा नं. कोन बघतो?"

"दोष दिसला आणि सोडून दिला, असं मी कधी केलेलं नाही."

तिथेच पॅनल उघडलं. वायरीचा गंज खरवडला, नट आवळला. येताना मी मुद्दाम खड्डे दाखवत होतो, तेही मुद्दाम त्यातूनच घालत होते. काटा शहाण्या पोरासारखा जागच्या जागी. मला त्याचा इतका राग आला की विचारू नका.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी व्याही इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. रेस देऊन काटा दाखवला, पोराचा पहिला नंबर दाखवावा तसा. किल्ली दिली. गाडी फाटकातून वळली, चर्चच्या कोपऱ्याआड गेली, तरी हे मान तिरकी करून उभेच. मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाले, "थांबा." आवाज बारीक बारीक होत रिक्षांच्या गलक्यात मिसळला.

"दुसरा गिअर उशिरा टाकला त्याने," ते हळूच म्हणाले. "तिला लवकर लागतो. सांगायचं राहून गेलं."