एकशे सतरा नंबरचं दार

जयराम पगारेच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं आहे. मार्केटयार्डात कांद्याची गोणी पडून मोडलं, हाडवैद्यानं बसवलं तसं बसलं, आणि तेव्हापासून त्याच्या ढोलकीत एक ठोका किंचित मागं रेंगाळून पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मुद्दाम वाजवतोय. कुणी तारीफ केली की जयराम म्हणतो, "गोणीचा आशीर्वाद हाय."

तो मूळचा नांदगाव तालुक्यातला. बाप रंगनाथ जलसा घेऊन गावोगाव हिंडायचा. पेटी, ढोलकी, चार गळे, बाकी सामान काही नाही. खेळात पाटलाची खुर्ची लागली तर त्याच गावातून मागून आणायची. बाळंतिणीची खाट लागली तर खऱ्या बाळंतिणीला खाली घोंगडीवर घालून तिची आणायची. कुणी नाही म्हणत नसे, कारण रीतच तशी होती. खेळासाठी नेलेली वस्तू दिवस उगवायच्या आत, झाडूनपुसून, ज्याची त्याच्या दारात. रंगनाथ मरेपर्यंत सांगायचा, "सोंगाला मागितलं तर नाय म्हनू नये रे जया. सोंग माघारी देतंच."

ह्या एका वाक्यापायी जयरामचं घर गेलं.

घर म्हणजे नासर्डी नाल्याच्या काठची आठ बाय दहाची खोली. तीन बाजूंनी पत्रा, वर ताडपत्री, ताडपत्री उडू नये म्हणून वर जुने टायर. बावीस वर्षं काढली तिथं दोघा नवराबायकोनं. त्यात घरासारखी वस्तू एकच, दार. एक जुना बंगला पाडायला जयराम गेला होता, तिथल्या मुकादमानं मजुरीच्या बदल्यात हे सागाचं दार त्याच्या डोक्यावर दिलं. दोन माणसांनी उचलावं लागे असं. शेजारची सुरय्या भागुबाईला म्हणायची, "भाभी, तुमी घराला दार नाय लावलं. दाराला घर लावलंय."

मागच्या वर्षी वस्तीत सर्वेवाले आले. नाल्याकडेनं रस्ता जाणार होता. प्रत्येक झोपडीवर लाल ऑइलपेंटनं आकडा टाकत गेले. जयरामच्या दारावर ११७, सुरय्याच्या पत्र्यावर ११८. कागद कुणालाच दिला नाही. फक्त सांगून गेले, पुन्हा पडताळणीला येऊ, नंबरापाशी उभं करून फोटो काढू, ज्याचा फोटो त्याला फ्लॅट. नंबर गेला तर नाव गेलं.

तेव्हापासून भागुबाई दार पुसायची ती आकड्याच्या भोवतीनं. पावसाळ्यात आकड्यावर दुधाच्या पिशव्या फाडून, जोडून, चार खिळ्यांनी ठोकल्या. येताजाता एकदा बोटानं चाचपून बघायची, आहे ना जागेवर.

आणि मग साई आला.

साई कॉलेज रोडकडच्या एका नाटकमंडळाचा दिग्दर्शक. तिशीतला, दाढीवाला, बोलणं गोड. चौदा एप्रिलला वस्तीत जयरामची ढोलकी ऐकून तो तिथंच खाली बसला. बेघर माणसांवर त्याला लोकनाट्य करायचं होतं, गाण्याबजावणीसकट. नाव 'बिनपत्त्याचा वग'. स्पर्धेला उतरवायचं होतं.

"काका, आमच्या पोरांचे आवाज फार गुळगुळीत आहेत. मला कच्चा आवाज हवाय."

"कच्चा कशाला?" जयराम म्हणाला. "चांगला पिकलाय."

उन्हाळाभर, पावसाळाभर तो तालमीला गेला. दिवसा गोण्या, संध्याकाळी तालीम. अकरा गाणी त्यानं दिली. काही बापाच्या चालीवर, शब्द सगळे स्वतःचे. त्यातलं एक पोरंपोरी चहाच्या टपरीवरसुद्धा म्हणायला लागली:

वारूळ मुंगीचं, घरटं चिमनीचं
सातबारा मागंना कोनी
मानूस म्हनूनी जलमा आलो
दे म्हनं पत्त्याची निशानी

हँडबिल छापून आलं. जयरामनं ते घरी आणून भागुबाईला वाचून दाखवलं. "लेखन-दिग्दर्शन, साई. गीते, पारंपरिक."

"हा पारंपरिक कोन?"

"मीच."

"मंग नाव कवा बदललं तुमी?"

जयराम हसला. साईला विचारलं तेव्हा साई म्हणाला, "काका, स्पर्धेत पारंपरिक म्हटलं की वजन येतं." वजनाचं जयरामला कळत होतं. आयुष्यभर तेच उचललं होतं.

प्रयोगाला चार दिवस राहिले आणि दार आडवं आलं. वगात एक म्हातारा एका बंद दारावर रात्रभर थापा मारतो, त्याच थापांची ढोलकी होते. म्हातारा जयरामच करायचा. पण दार प्लायवुडचं. थाप मारली की सगळा सेट हलायचा आणि मागची पोरं हसायची. नेपथ्य पूजा नावाची मुलगी करत होती. ती वस्तीचे फोटो काढायला आली आणि जयरामच्या दारासमोर उभीच राहिली. तिनं साईला बोलावून घेतलं. साईनं दारावर थाप मारली. घुमली.

"काका, हेच."

भागुबाई आडवी आली. "नंबर हाय त्याच्यावर. न्यायचं नाय."

"काकू, चारच दिवस. प्रयोग झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः आणून बसवतो."

"आन् मधीच सर्वेवाले आले मंग?"

"दिवाळीनंतर येनार हायत गं," जयराम म्हणाला. "सोंगाला मागितलेलं नाय म्हनू नये. आबा सांगायचे."

"तुमच्या आबाला सर्वे म्हाईत नव्हता!"

तरी जयरामनं बिजागऱ्या स्वतःच्या हातानं काढल्या. दुसऱ्या कुणी काढल्या असत्या तर लाकूड फाटलं असतं. दाराच्या जागी भागुबाईनं आपलं जांभळं लुगडं लावलं. त्या दिवशी ती नवऱ्याशी बोलली नाही, आणि त्याला वाटलं, चार दिवसांचाच तर रुसवा आहे.

सर्वेवाले चौथ्या दिवशीच आले, प्रयोगाच्या दिवशी, सकाळी दहाला. दिवाळीला अजून महिना होता.

तिघंजण होते. त्यातला मोबाइलवाला माणूस एकशे सोळाचा फोटो काढून पुढं सरकला आणि लुगड्यापाशी थांबला.

"एकशे सतरा कुठंय?"

"हेच की सायेब."

"नंबर?"

"दारावर हाय."

"दार?"

भागुबाईनं जयरामकडं पाहिलं. जयराम म्हणाला, "नाटकात गेलंय."

मागचे दोघं खदाखदा हसले. मोबाइलवाला हसला नाही, सकाळपासून उन्हात फिरून तो वैतागला होता. "मग घर नाटकवाल्यांकडूनच घ्या, बाबा."

सुरय्या पुढं झाली. "अहो साहेब, सोळा नि अठराच्या मधी काय येतं? शाळेत गेलता ना? हम सब गवाह हैं इधर."

"ताई, मला येतं ओ. ह्या ॲपला येत नाही. नंबराचा फोटो टाकल्याशिवाय ते पुढंच जात नाही." मग जरा नरमून म्हणाला, "चारपर्यंत आम्ही ह्याच रांगेत आहोत. दार आणा."

जयराम पळाला. वय एकसष्ट. रिक्षा मिळेपर्यंत अर्धा रस्ता पळतच गेला. हॉलवर पोचला तर दार स्टेजवर उभं होतं, निळं. चकचकीत निळं, आणि मधोमध पांढरा वाटोळा आकडा, शून्य.

पूजा ब्रश धूत होती. "कसं दिसतंय काका? तो लाल नंबर लाइटमध्ये विचित्र दिसत होता. साई सर म्हणाले, सगळ्या बेघरांचा नंबर एकच. शून्य."

जयरामनं तिला फोटोचं, चारच्या मुदतीचं सांगितलं. तिनंच टेम्पो बोलावला, तो यायला दोन वाजले. दार घेऊन दोघं वस्तीत पोचली तेव्हा तीन वाजले होते. वेळेत. दार लुगड्यापुढं उभं केलं, भागुबाई त्याच्यापाशी उभी राहिली, पदर सारखा करून. मोबाइलवाल्यानं फोन वर धरला आणि खाली घेतला.

"हे काय आहे?"

"खाली हाय नंबर," जयराम म्हणाला. "रंगाच्या खाली."

त्या माणसानं नखानं जरासं खरवडून पाहिलं. निळं नखात आलं. "असेलही. पण फोटोत दिसतं तेच मला पाठवावं लागतं. शून्य नंबर यादीत नाही." त्यानं फोनवर काहीतरी दाबलं. "नंबर आढळला नाही, असं टाकलंय. वरच्या साहेबांना भेटा." आणि तो सुरय्याच्या पत्र्याकडं वळला. सुरय्या फोटोला उभी राहिली, पण फोटोत तिचं तोंड रडवेलंच आलं.

तेवढ्यात पूजाच्या फोनवर साई आला. पूजानं सांगितलं ते त्यानं ऐकून घेतलं, मग जयरामला फोन द्यायला सांगितला. "काका, चुकलं आमचं. पण ऐका. आजचे प्रमुख पाहुणे कोण आहेत माहितीये? घरकुलांचं खातंच त्यांच्याकडं आहे. प्रयोग झाला की स्टेजवर येतील. तुम्ही सरळ त्यांनाच सांगा. दार समोर असेल, पुरावाच की."

जयरामनं दार परत टेम्पोत चढवायला घेतलं.

"पुन्हा दार घेऊन चालले?" भागुबाई म्हणाली.

"दारासाठीच चाललोय."

त्या संध्याकाळी जयराम जसा वाजला तसा आधी कधी वाजला नव्हता, असं बघणारे अजून सांगतात. दारावर थापा मारताना तो रेंगाळणारा ठोका आला की पुढच्या रांगेतल्या बायका श्वास रोखून बसायच्या. पडदा पडला, वर गेला, टाळ्या थांबेनात. पाहुणे स्टेजवर आले. उंच, पांढरे कपडे, हातात मोगऱ्याचं रोप. जयरामनं माईक घेतला.

"सायेब, ह्या दारावर एकशे सतरा नंबर व्हता. माझ्या घराचा. हे दार माझं हाय. आज फोटो निघाला नाय माझ्या बायकोचा. आमाला यादीत घ्या सायेब. बावीस वर्षं झाली तिथं."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. पाहुण्यांनी डोळ्याला रुमाल लावला.

"पाहा," ते म्हणाले, "पडदा पडला तरी हा कलावंत भूमिकेतून बाहेर आलेला नाही."

"सायेब, भूमिका नाय, मी खरंच..."

पाहुण्यांनी त्याला छातीशी धरलं आणि मोगऱ्याचं रोप हातात दिलं. साई बाजूलाच होता. त्यानं माईककडं हात नेलाही. पण निकाल अजून जाहीर व्हायचा होता. हात परत खिशात गेला.

नाटक पहिलं आलं. नेपथ्याचं बक्षीस पूजाला मिळालं, ते तिनं घेतलं आणि पुन्हा त्या मंडळात गेली नाही. प्रयोग पुढच्या फेरीला बाहेरगावी गेला, दारासकट. म्हाताऱ्याच्या कामाला दुसरा नट घेतला, कारण जयराम ऑफिसच्या चकरा मारत होता. एका खिडकीत सांगायचे, हरकत लेखी द्या. दुसऱ्या खिडकीत म्हणायचे, हरकतीची मुदत संपली. दसरा गेला, दिवाळी गेली. यादी चिकटवली त्यात एकशे सोळा होता, एकशे अठरा होता.

जेसीबी आला त्या सकाळी सुरय्या सामान भरून नव्या बिल्डिंगकडं निघाली. चौथा मजला मिळाला होता. जाताना आपली ताडपत्री भागुबाईच्या हातात दिली आणि काहीतरी गमतीचं बोलायला गेली, पण तिला सुचलं नाही.

जयराम आणि भागुबाई आता द्वारका चौकाकडं उड्डाणपुलाच्या एका खांबाला असतात. ढोलकी आहे, तिची एक बाजू उंदरांनी कुरतडली. कातड्यावरची काळी शाई उतरली ती परत कुणी भरली नाही. गाणं म्हण म्हटलं तर जयराम म्हणतो, "पारंपरिकला सांगा."

दार प्रयोगानंतर दोन महिन्यांनी आलं. साईनं टेम्पोतून पाठवलं, स्वतः आला नाही. टेम्पोवाल्यानं खांबाला टेकवून ठेवलं आणि विचारलं, "ह्ये कुठं बसवायचंय, मामा?"

भागुबाईनं त्याच दिवशी उलथनं घेतलं. रोज थोडं थोडं, नखाएवढं, शून्याच्या आतल्या अंगानं खरवडत गेली. आधी एक सापडला. मग दुसरा एक. सात मात्र अर्धाच वर आला, बाकीचा लाल निळ्याबरोबर निघून गेला.

थंडी वाढली तसा जयराम म्हणाला, "भागे, आडवं टाक ते दार. खालून गार लागतं. निजायला व्हईल."

भागुबाईनं दार रस्त्याकडं तोंड करून आणखी नीट उभं केलं आणि बुडाशी दगड लावला.

"आडवं टाकलं आन् ते आले," ती म्हणाली, "तर नंबर कसा दिसंल त्यास्नी?"