एक फेरी होऊ दे

थांबाजींच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात हातात रिमोट मिळाला तरी गेम लगेच सुरू करता येत नसे. टीव्हीवर कंदील घेतलेला पोरगा उभा राही, मागे पिपाणीसारख्या आवाजात त्याची धून वाजे, आणि ती एकदा पूर्ण होईपर्यंत बटण दाबायला सक्त मनाई होती. "थांबा जी! एक फेरी होऊ द्या." कुणाचं बोट वळवळलंच तर टपली बसे. आमच्या सिंदी मेघे गावातल्या पोट्ट्यांनी त्यांचं नाव त्यावरूनच पाडलं. मी चुलतभाऊ, म्हणून मला ते नुसते भाऊ.

कंदीलवाल्याचा गेम त्यांचा जीव होता. "चेहरा त बावलीले बी राह्यते," ते म्हणत, "हा पोरगा ओयखू येते तो धुनेनं." शत्रू जवळ आला की ती धून घाईला येई आणि डोळ्यांआधी हात सावध होत. शेजारच्या विहारात वंदना सुरू झाली तेवढ्यापुरता भाऊ आवाज बंद करत. बाकी वेळ कंदीलवाला गल्लीभर ऐकू येई.

त्या गेमचे नवे भाग निघू लागले, ते नागपूरहून मीच आणून देत होतो. दुकान टिकावं, एवढाच माझा हिशोब. दुसऱ्या भागाला भाऊंनी नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. तिसऱ्यात व्हायोलिनांचा ताफा आला. "हा कंदील घेऊन निघाला का घोड्यावर बसून वरातीले?" चौथ्यात गिटार किंचाळली आणि कुणीतरी इंग्रजीत गळा काढला. भाऊंनी विचारलं, "याची दाढ उपटून राह्यले काय?"

पाचव्यात धूनच नव्हती. नुसता धडधडाट. कुठल्याशा थंडगार खोलीत बसलेल्या शहाण्यांना त्या पोराची लाज वाटली असावी. त्याच्या अंगावरचा एकुलता एक ओळखीचा सदरा काढून त्यांनी बाजारात सगळीकडे मिळतो तसला कोट चढवला, आणि वर त्याला प्रगती म्हटलं.

"हे मोटारीच्या गेमले लाव, फुटबॉलले लाव, चालते," भाऊ म्हणाले. "मंग याचं सोताचं काय राह्यलं?"

"भाऊ, जमान्याप्रमाणं बदला लागते," मी म्हणालो. मी तो भाग नीट ऐकलासुद्धा नव्हता. डब्यावर छापलेली स्तुती वाचून बोललो होतो. भाऊंनी माझ्याकडे नासलेल्या दुधाकडे बघावं तसं बघितलं. ती नजर अजून माझ्या अंगावर आहे, आणि ती रास्त होती.

मग त्यांनी एक उपाय काढला. पाचवा भाग लावायचा, टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि जुनी धून मोबाइलवरून स्पीकरवर सोडायची. पोट्टे खूश झाले आणि पटापट मरू लागले.

"थांबाजी, तुमचं गाणं काईच सांगत नाई ना! तो मांगून येऊन मारून राह्यला!"

"तुमाले खेळता येत नाई, बह्याड हो! आना इकडं."

भाऊ स्वतः बसले. धून आपल्याच संथ चालीत वाजत राहिली आणि भाऊ मेले. पुन्हा बसले, पुन्हा मेले. पोट्टे हसले. भाऊंनी रिमोट खाली ठेवला. "धून त त्याचीच हाये," ते म्हणाले, "पन ते आता याले ओयखत नाई."

पाचवा भाग त्याच्याच आवाजात चालू द्या, गिऱ्हाईक राहील, असं मी सुचवलं.

"भाड्यानं आनलेल्या पोट्ट्याले आपला म्हनून बसवू काय?" एवढंच म्हणून त्यांनी तो भाग कायमचा काढून ठेवला. पोट्टे मोबाइलवर पांगले.

शेवटी दुकान मोडायचं ठरलं आणि कबाडीवाला आला. त्यानं वजनकाटा काढला, तर भाऊ जुना टीव्ही आणि पहिला भाग लावून बसलेले.

"वजन मंग करजो. एक फेरी होऊ दे."

कबाडीवाला खांद्यावर पोतं घेऊन उभा राहिला. मीही उभा होतो. माझे डोळे भरून आले.

"तू काऊन रडून राह्यला बे?" भाऊ मागे न वळता म्हणाले. "तुलेच त जमाना पायजे होता."

धून संपली. कंदीलवाला बटणाची वाट बघत उभा होता. भाऊंनी बटण दाबलं नाही. वाकून प्लग काढला.

"ने आता," ते म्हणाले.