गिरणीतली खालची फळी

नातू पुण्याला असतो. व्यापाऱ्यांना, कारखानदारांना ज्याच्या त्याच्या धंद्याला लागेल तसं सॉफ्टवेअर बनवून देतो. मागे आला तेव्हा वैतागला होता. म्हणाला, "आजोबा, गिऱ्हाईक सांगतं एक आणि त्याला हवं असतं भलतंच. करून दिलं की म्हणतं, एवढं तर तुम्हाला कळायला हवं होतं." मी म्हटलं, हा धंदा मी तुझ्या आईच्या जन्माआधी केलाय. तो हसला. त्याची आजी असती तर हसली नसती. तिला ठाऊक होतं.

मी सुतार. शाळा तिसरीपर्यंत. गाव कुडाळच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. इंग्रज गेल्याला दहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा कामाच्या शोधात मालवणकडे खाडीकाठी येऊन राहिलो. लग्न केलं ते खाडीपलीकडच्या मुलीशी. ती पाण्यावर वाढलेली. मला ओहोळापलीकडे पाणी माहीत नव्हतं.

गावात भाताची नवीन गिरण झाली होती. भात झोडून झालं की बायका गोणी, हारे डोक्यावर घेऊन यायच्या आणि पाळीवरून जुंपायची. इंजिनाच्या वर यांचा आवाज. एक दिवस गिरणवाल्याने मला बोलावलं.

"मेस्त्री, कायतरी कर. माझा डोक्या गेला. कोणी भांडूक नये, बस. बाकी माका काय नको."

मी त्याला दहा प्रश्न विचारले. किती जणी येतात, वाचता कुणाला येतं, गोणी ठेवतात कुठे. मग एक अख्खा दिवस गिरणीत पोत्यावर बसून नुसतं बघितलं. मधूनच एखादी बाई मागून यायची, सगळ्यांना ढकलून पुढे जायची, दोघीचौघी ओरडायच्या आणि शेवटी तिला जाऊ द्यायच्या. मी मनात म्हटलं, ही घुसाघूस बंद झाली की झालं.

फणसाची लांब फळी घेतली. तिला ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीवर एक लाकडी बिल्ला, त्यावर कोरलेलं चित्र: मासा, नारळ, कासव, शंख, केळफूल. येणारीने डावीकडचा पहिला बिल्ला उचलायचा. त्याच क्रमाने गिरणवाला हाक मारणार. आकडे नकोत, वाचणं नको.

पहिले काही दिवस बहार आली. गिरणवाला ओरडायचा, "कासव खंय गेला?" की बायका हसून लोळायच्या. "अगो कासवा, ऊठ. तुझी पाळी इली." एका जाड्या काकींना केळफूल मिळालं, तर त्या आठवडाभर केळफूलच झाल्या. भांडण बंद. गिरणवाला खूष. काजूच्या कारखान्याचा मालक फळी बघून गेला, म्हणाला, माझ्याकडेही असलंच काहीतरी करून दे. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आता आपलं बस्तान बसलं.

चार दिवसांनी दुपारी जेवायला घरी आलो, तर दारापुढच्या खळ्यात सासूबाई बसलेल्या. शेजारी भाताची गोणी, तशीच बांधलेली. हातात माझा शंखाचा बिल्ला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय, जावयबापू. तुमची फळी बरी आसा. शंखाची पाळी येवची होती, तेवड्यात पाणी ओसारला. पाळी सोडून धावलंय, तरी होडी गेली."

ओहोटी लागली की धक्क्यापाशी नुसता चिखल. पुढची होडी पाणी चढल्यावर, म्हणजे दिवेलागणीला. तोवर बाई तिथेच. आणि आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. सासूबाई पहाटे पेज पिऊन निघालेल्या.

आत गेलो. चूल पेटलेली, भात झालेला. बायको पाठ करून बसली होती.

"वाढतेस?"

"आयेन पाणीय घेवक नाय. तुमी जेवा."

"तू?"

"माका भूक नाय."

मग मीही कसला जेवतो. तिघंही उपाशी. चुलीतलं लाकूड मागे ओढत ती म्हणाली, "पलीकडसून येतल्या बायकांका आदी सोडतत. पाणी थांबना नाय म्हणान. तुमी तां बंद केलात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"पाणी ओसारता, ह्या काय सांगूक होया?"

हेच ते. जे सगळ्यांना माहीत असतं ते कुणीच सांगत नाही. मी ज्याला घुसाघूस म्हणत होतो ती ओहोटी होती.

संध्याकाळी सासूबाईंना होडीत बसवलं. गोणी मीच खांद्यावरून नेली. बायको धक्क्यावर उभी राहिली आणि होडी दिसेनाशी झाली तरी परतेना. शेवटी म्हणाली, "ती फळी बदला, नायतर काढा. आये परत अशी बसली तर मी तिच्यावांगडा जातलंय." ती धमक्या देणारी बाई नव्हती. जाते म्हणाली असती तर गेली असती.

दुसऱ्या दिवशी गिरणवाल्याकडे गेलो. म्हटलं, खाली एक आखूड फळी लावतो, होडीने येणाऱ्यांची. पाणी उतरायला लागलं की होडीवाला हाक देईल, मग आधी खालची ओळ.

"तुझ्या सासुरवाडीक वेगळी फळी? मी सांगलेला काय, तू करतंस काय?"

"तू अर्धंच सांगितलंस."

केळफूल काकी पोत्यावर बसून ऐकत होत्या. "लाव रे," त्या गिरणवाल्याला म्हणाल्या. "आमी आदी सोडीतच होतंव. ह्या मेस्त्र्याचा लाकूड मदी इला." सगळ्या हसल्या. फळी लागली.

पुढच्या खेपेला सासूबाईंचं भात वेळेत झालं. धक्क्याकडे जाताना त्या आमच्या दारात क्षणभर थांबल्या, ओंजळभर नवे तांदूळ सुपात ओतले आणि पाणीसुद्धा न घेता गेल्या. बायकोने ते तांदूळ शिजवले नाहीत. वर्षाने लेक झाली, सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे जेवल्या, तेव्हा शिजवले. त्या दिवशी ती आईला वाढतच राहिली. सासूबाई "पुरे गो, फुटतलंय" म्हणत होत्या.

नंतर कुणाचंही काम घेतलं की बायको आधी विचारायची, "येतला कोण, आणि घराक कसा जातला?" काजूवाल्याची, मोटारस्टँडवरची, सगळी कामं मी तिच्या या प्रश्नावर केली.

गिरण बंद पडली तेव्हा दोन्ही फळ्या मी मागून आणल्या. स्वयंपाकघरात लावल्या. वरच्या खुंट्यांवर पळ्या, गाळणी, चाव्या. खालच्या ओळीवर तिने कधी काही अडकवू दिलं नाही. ती आईची, म्हणायची.

या पावसाळ्यानंतर बायको गेली. भात अजून दोघांचाच होतो, हाताला सवय. परवा लेक आली होती. तिने माझी बाजाराची पिशवी खालच्या खुंटीला अडकवली. लेक परत गेल्यावर मी पिशवी काढून ठेवली.