ब्राह्मणपुरीत उलटे चाललेले बैल

शहाद्याकडे फिरायला निघालेली मंडळी मला विचारतात, तुम्ही तिथे पहिल्यांदा कशाला गेला होतात? दुभाषी म्हणून. फक्त तिथली भाषा मला येत नव्हती, एवढंच.

साठच्या दशकातली गोष्ट. मी पुण्यात जर्मन शिकवायचे. नटवर हा माझा विद्यार्थी, शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. शेतीची यंत्रं शिकायला जर्मनीला गेला आणि सिनेकॅमेरा शिकून बसला. त्याच्या सिनेमात ना गोष्ट, ना गाणं. तिथले लोक म्हणत, हे फार हिंदुस्थानी आहे. मुंबईचे म्हणत, हे फार जर्मन आहे. आई गेली तेव्हाही तो तिकडेच होता. आता वडिलांनी बजावलं होतं, केळीच्या बागा सांभाळायला कायमचा ये. ‘मी काय करतो ते त्यांना एकदा दाखवतो, मग बघू,’ म्हणत तो बायकोला, हिल्डाला, घेऊन निघाला. त्याचा डोळा सतत कॅमेऱ्यात असणार, म्हणून सून-सासऱ्यांत बोलणं व्हावं यासाठी मला सोबत घेतलं.

सुरतेहून नंदुरबारची गाडी पकडावी. खिडकी डावीकडची घ्या. नवापूरच्या आसपासची झाडी चुकवू नका. डब्यात शेंगा, चहा, कोंबड्या सगळं मिळतं. कोंबड्या विकायला नव्हत्या, प्रवासी होत्या. त्यातली एक हिल्डाच्या मांडीवर बसून नंदुरबारपर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी तापीकाठचं प्रकाशा. रस्त्याने सरळ जाता आलं असतं, पण नटवरला तापीचं पाणी होडीतून टिपायचं होतं. तो होडीच्या काठावरून इतका वाकला की मी आणि हिल्डाने त्याचा एकेक पाय धरला. नावाडी बराच वेळ बघत होता.

“भाऊ, मासा पकडी ऱ्हायना का?”

“नाही, पाणी.”

“पाणी? मंग हात घाल ना!”

शहाद्याहून पुढे बैलगाडी. घरी छगनकाका, म्हणजे नटवरचे वडील, दारातच उभे होते. ते हिल्डाशी बोलले, मी जर्मनमध्ये सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला एक शब्द कळलेला नाही. घरात गुजरी, अंगणात अहिराणी. माझी पुणेरी मराठी फक्त शाळामास्तरांच्या कामाची. शेवटी काका बोलत, नटवर मला मराठीत सांगे, मी हिल्डाला जर्मनमध्ये. तोवर हिल्डाने हातवाऱ्यांवरून समजून पाण्याचा तांब्या आणलेला असे. जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मिरचीबद्दल मला कुणी सावध केलं नाही, म्हणून मी तुम्हाला करते.

दुसऱ्या दिवशी अंधार पडताच अंगणात धोतराचा पडदा लागला. वीज नव्हती, शहाद्याला लग्नांत भोंगे लावणाऱ्याने आपला जनरेटर दिला होता. सगळं गाव आलं. पडद्यावर जर्मनीतला एक ट्रामचा थांबा. माणसं उभी आहेत. उभीच आहेत.

“कोन ई ऱ्हायना?” मागून एकाने विचारलं.

“कोणी नाही,” नटवर म्हणाला.

“मंग ह्या उभ्या कसाले शेतस?”

छगनकाका खाली मान घालून बसले. लोक उठायला लागले. नटवरने घाईघाईने दुसरं रीळ लावलं. मागच्या खेपेला घरीच टिपलेलं. आई गेल्यापासून त्याने ते पाहिलं नव्हतं. ते परत गुंडाळायचं राहिलं होतं, त्यात घाईत प्रोजेक्टरची कळ उलटी पडली आणि ते उलटंच सुरू झालं. पोत्यातला कापूस उडून बोंडात जाऊन बसला. बैल मागे मागे चालू लागले.

“बैल उलटा चाली ऱ्हायनात!” अंगण हसून लोळलं. काकाही हसले.

मग गोठ्याकडून नटवरची आई आली, पाठमोरी चालत. तोंडावरचा पदर बाजूला झाला, रागावलेला चेहरा क्षणभर दिसला आणि ती स्वयंपाकघरात परत गेली.

उठलेले लोक परत खाली बसले.

“थांबाड!” काका उठून उभे राहिले.

“बापू, थांबवलं तर दिव्याने फिल्म जळेल.”

“मंग थांबाडू नको. परत लाव.”

जनरेटरचं तेल संपेपर्यंत तेवढंच चालू राहिलं. उलटं, सुलटं, पुन्हा उलटं. कुणीही उठलं नाही. हिल्डा सासऱ्यांशेजारी जमिनीवर बसली होती. ते काहीतरी सांगत होते, ती मान हलवत होती. मला कुणी बोलावलं नाही.

सकाळी काका नटवरला म्हणाले, “तू जाय तिकडे. बागा मी देखसू. पण दर साल ये, आणि आम्हले त्या डब्बामा भरी लई जाय.” आम्ही गाडीत बसताना पुढे म्हणाले, “ते ट्रामवालं मातर गावमा लावजो नको.”

पुढे तिकडे फितीवर टिपणारे कॅमेरे निघाले आणि नटवर व्हिडिओचा कलावंत म्हणून नावाजला. दर वर्षी तो गावी येत राहिला. काकांना त्याचं काम शेवटपर्यंत पटलं नाही, पण कॅमेऱ्यासमोर धुतलेलं धोतर नेसून येत.

पुण्यात परतल्यावर माझ्या आईने विचारलं, “एवढ्या लांब जाऊन पाहिलंस तरी काय?” मी मिरचीचं सांगितलं, कोंबडीचं सांगितलं. ती हसत दुधाचं पातेलं घेऊन आत निघाली, आणि मी ती दारातून दिसेनाशी होईपर्यंत बघत बसले.

“काय गं, तोंडाला काही लागलंय का माझ्या?” तिने आतून विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “बाहेर ये ना जरा.”