एकेका पायरीचा दिवा

“बरं बाई, तुझंच खरं,” असं काकू म्हणाल्या, की समजायचं, आता त्या स्वतःला हवं तेच करणार.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. भांडायला जावं तर समोर कुणी उभंच नसतं. माझा तर धंदाच घासाघिशीचा. अमेरिकेत, बॉथेलला आले तेव्हा लोकांच्या भिंती रंगवून दिवस काढले. आता घरदुरुस्तीचं काम माझं स्वतःचं आहे, दारात माझी व्हॅन उभी असते. यातलं काहीही गोड बोलून मिळालेलं नाही. समोरचा एक तर वाकतो नाहीतर उठून जातो, एवढंच मला माहीत. काकू दोन्ही करायच्या नाहीत.

आमची घरं एकाच रांगेत, भिंतीला भिंत लागून. तीन मजली, उंच आणि अरुंद. काका गेल्यावर त्या नागपूरहून मुलाकडे राहायला आल्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी दारात उभी राहून फोनवर टाइल्सवाल्याशी भांडत होते. त्या आपल्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

“किती कमी केले त्यानं?”

“काहीच नाही.”

“मग एवढी ओरडून काय राहिली होतीस? चल, ताक पी.”

ताकात मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं. “तुझंच खरं,” म्हणाल्या. त्यानंतर कित्येक महिने ताक प्यायले, मीठ तेवढंच.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, नातीच्या खोलीला लागून. शाळेआधी नात कंगवा घेऊन त्यांच्या पलंगावर येऊन बसायची. वेणी होईपर्यंत आजी मराठीत बोलायची आणि नात इंग्रजीत. कुणाचं काही अडायचं नाही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी जिन्यात काकूंचा पाय घसरला. दोन पायऱ्या बसून उतरल्या, लागलं काही नाही. पण मुलगा घाबरला. गॅरेजशेजारची खालची खोली रिकामी करायची, आईला तिथे हलवायचं, असं त्यानं ठरवलं. त्यात त्याचं चुकलं नव्हतं. हे लिहायला मला जड जातंय, पण चुकलं नव्हतं.

काकू माझ्याकडे आल्या. “खाली गेले तर पोरगी दोन जिने उतरून वेणीला येईल का गं? चार दिवस येईल. मग आपली आपणच पोनी बांधून पळेल. काहीतरी कर.”

मी मुलाशी बोलले. जिन्यात पायरीपायरीला, पायांपाशी छोटे दिवे लावू, माणूस जवळ आलं की आपोआप लागतील.

“ओके ताई, ट्राय करू,” तो म्हणाला. “पण पुन्हा पडली, तर आई खाली शिफ्ट होणार. फायनल.”

दिवे लावून झाले त्या दिवशी साडेचारलाच अंधारलं होतं. मुलगा ऑफिसात होता. मी खाली उभी राहून काकूंना उतरायला सांगितलं. नात माझ्याशेजारी.

पहिला दिवा लागला. काकू थांबल्या, कठड्यावरचा हात काढला आणि दोन्ही हात जोडले, तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर जोडतात तसे. पायरी उतरल्या. दुसरा दिवा. पुन्हा हात जोडले.

“आजी, इट्स जस्ट अ सेन्सर!” नात खिदळली. मीही हसले. चौथ्या दिव्याला माझं हसू थांबलं. ज्या हातानं कठडा धरायचा, त्याच हाताला माझे दिवे पायरीपायरीला कठडा सोडायला लावत होते.

“काकू, कठडा सोडायचा नाही.”

“बरं, तुझंच खरं.” आणि पुढच्या दिव्याला नमस्कार.

“निदान एका हातानं करा!”

“एका हातानं? दिवा काय माझा मित्र आहे, हाय करायला?”

खाली पोचल्यावर त्यांनी आम्हा दोघींना बजावलं, “त्याला सांगायचं नाही. उद्याच माझा पलंग खाली नेईल.” आम्ही कबूल केलं.

उपाय होता. एकमेकांना जोडलेल्या दिव्यांचा संच मिळतो. जिन्याच्या तोंडाशी माणूस आलं की सगळे एकदम लागतात. वरच, सपाट जागेवर उभं राहून एकदाच नमस्कार, मग कठडा धरून खाली. दुसऱ्याच दिवशी मी तो आणला आणि मुलाला दर सांगितला. कारण सांगता येत नव्हतं. त्याला वाटलं, ताई महागाचा माल गळ्यात मारतेय. त्यानं माझ्यासमोर फोनवर शोधलं.

“ऑनलाइन तर निम्म्यात आहे. शेजारी आहात, थोडं तरी कमी करा.”

“मग त्या ऑनलाइनवाल्यालाच बोलवा लावायला!” म्हणून मी निघून आले.

संच तीन आठवडे माझ्या व्हॅनमध्ये पडून होता. लावायला दोन तास लागले असते. फुकट लावला असता तरी मी काही भिकेला लागले नसते. काकू एकदा म्हणाल्याही, “लाव ना गं तसाच.”

“आधी त्याला हो म्हणू दे.”

“तुझंच खरं,” त्या म्हणाल्या. तेवढ्या एका वेळी मात्र माझंच ऐकलं गेलं.

जानेवारीत, संध्याकाळच्या चहाला उतरताना त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग पुनर्वसन केंद्र, मग छातीत कफ. दीड महिन्यात गेल्या.

“ताई, लाइट्स बंद होते का?” मुलानं हॉस्पिटलात मला विचारलं होतं.

“नाही. लागले होते,” मी म्हणाले. त्याहून जास्त आजवर त्याला सांगितलेलं नाही. घासाघीस त्यानं सुरू केली, हे मी अजूनही मनात घोकते. पोस्टाच्या पेट्यांपाशी तो दिसला तर मागे वळते.

काकू त्या केंद्रात असताना मी तिथे एकदाच गेले. व्यायामाच्या हॉलच्या मधोमध लाकडी जिना होता, चार पायऱ्या वर आणि पलीकडून चार पायऱ्या खाली, कुठेच न जाणारा. दोन्ही बाजूंना कठडे. भर दुपारचं लख्ख ऊन. काकूंच्या कमरेला पट्टा, पट्ट्याचं टोक व्यायाम करून घेणाऱ्या एका धिप्पाड मुलीच्या हातात.

काकू चढल्या. वर पोचल्यावर त्यांना मी दिसले.

“काकू, कशा आहात?”

बोटं पांढरी पडेपर्यंत दोन्ही कठडे धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. परीक्षेला बसलेलं मूल मास्तरांकडे बघतं, तसं. मग मान खाली घालून एकेक पायरी उतरल्या. एकदाही हात सोडला नाही.

“गुड जॉब!” ती मुलगी म्हणाली.

काकूंनी लगेच माझ्याकडे वळून विचारलं, “आता सांगशील ना गं त्याला, जाऊ दे म्हणावं मला वर, माझ्या खोलीत?”