शकूचा लाकडी माळढोक

वाचनालयातल्या मैत्रिणींनो, आज, ३ मे १९५८ च्या दुपारी घडलेलं मनात ठेववेना, म्हणून हा कागद आपल्या फळ्यावर लावते आहे.

नगरच्या निसर्ग संग्रहालयात आज आईवडिलांनी मुलांसोबत लाकडाचे पक्षी कोरायचे होते. रहीमचाचा सुतार पांगाऱ्याचे मऊ तुकडे वाटत होते. नमुना म्हणून विलायती पुस्तकातलं हंसाचं चित्र भिंतीवर लावलेलं.

माझ्या नऊ वर्षांच्या शकूने हंस जन्मात पाहिलेला नाही. तिने आपल्या माळावरचा माळढोक कोरला. उंच मान, जाड पाय, अगदी हुबेहूब.

तिथले व्यवस्थापक हसले. "हे काय, शहामृग? असला पक्षी आपल्याकडे नसतो."

रहीमचाचा म्हणाले, "हाय की साहेब. आमच्या श्रीगोंद्याकडं लई हायेत. तुमच्या मागं बी एक उभा हाय."

खरंच, व्यवस्थापकांच्या पाठीमागच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेला माळढोक होता.

गृहस्थांनी वळून पाहिलं. ओशाळायचं सोडून म्हणतात कसे, "हा तर शिकारीचा पक्षी. याला मारतात, कोरत नाहीत." आणि शकूचा माळढोक टेबलावरून उचलून खाली जमिनीवर ठेवला. हंस तेवढे मांडून ठेवले. ज्या पक्ष्याच्या कातडीवर यांचं कपाट सजलंय, त्याचीच यांना ओळख नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

घरी येताना शकूने विचारलं, "आई, सगळे मारून संपले, की मग कोरायला चालेल का?"

तुम्हाला उत्तर सुचलं तर याच कागदाखाली लिहा.