तुळजाकाकूंचा गिझर आणि मन्मथचा परवाना

नेकनूरचा मन्मथ नळकामात पक्का. त्यानं बसवलेल्या जोडातून थेंब गळत नाही, आणि हे तो न विचारता सांगतो. गिझर भिंतीला टांगला की मात्र त्याला वायरमन सिदूची वाट बघत बसावं लागे. सिदू पंधरा वर्षांनी लहान, पण विजेच्या कामाचा परवाना त्याच्याकडे. तुळजाकाकूंच्या घरी सिदू दोन दिवस फिरकला नाही, तेव्हा मन्मथनं स्वतःच कनेक्शन देऊन टाकलं. अर्थिंगची तिसरी वायर त्याला उगाच जास्तीची वाटली. ती त्यानं कापून खिशात घातली.

सकाळी काकूंनी नळाला हात लावला आणि बादलीसकट न्हाणीच्या बाहेर येऊन पडल्या. जीव वाचला. पण मन्मथचा नळ चावतो, ही बातमी दुपारच्या आत गावभर झाली. काकूंनी पुन्हा पाण्यासाठी चूल पेटवली. त्या दिवशी मन्मथच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलंय. तो नाही म्हणेल.

परवान्याची चौकशी करायला तो बीडला गेला. आयटीआयचा कोर्स करायचा, तर आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसायचं. नाहीतर परवानेवाल्याच्या हाताखाली काम करून अनुभवाचं पत्र घ्यायचं आणि वायरमनच्या परीक्षेला बसायचं. तेही नको असेल तर जन्मभर सिदूची वाट बघायची. त्यानं पत्राचा मार्ग धरला, आणि गावात परवानेवाला म्हणजे सिदूच. मन्मथ सिदूची शिडी धरून उभा राहिला, तेव्हा हॉटेलातले लोक चहा सोडून बघायला बाहेर आले. त्यात मीही होतो.

पत्र मिळालं, परीक्षा आली. प्रात्यक्षिकात वायरीचा जोड करायचा होता. मन्मथनं सुबक जोड केला आणि सवयीनं वर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. हे काय, असं परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

“पाणी गळू नये म्हून, साहेब.”

नापास. पुढच्या खेपेला त्याच्या बायकोनं, शांतादेवीनं, घरातून निघताना त्याचे खिसे तपासले. पास झाला.

परवाना घेऊन तो थेट काकूंकडे गेला. परसात खड्डा खणून अर्थिंग केलं, वायरी बदलल्या, मीटर लावून सगळं तपासलं. काकूंना मीटरचं काही कौतुक नव्हतं.

“आधी तू आंघोळ कर,” त्या म्हणाल्या.

भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात, मन्मथ गरम पाण्यानं आंघोळीला बसला. काकू बाहेर मेन स्विचपाशी पाट टाकून बसल्या. मिनिटामिनिटाला हाक मारायच्या, मन्मथा, हायस का? तो आतून हो म्हणायचा. एकदा उत्तर आलं नाही. काकू ताडकन उठल्या, हात स्विचवर गेला.

“हाय, काकू. डोक्याला साबण लावलाय.”

काकू पुन्हा पाटावर टेकल्या. जरा दम घेतला.

“आटप मग लवकर. तुझ्यामागं मला करायची हाय.”